मागचा लोखंडी बंपर सारखा खडखडतो, नट पुन्हा पुन्हा ढिले होतात: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या गाडीत असेल तर पुढचं वाचा.

- गतिरोधकावरून मागची चाकं उतरताना एकच ‘ठक्’ येतो. खडीच्या रस्त्यावर तोच आवाज सलग खडखडीत बदलतो.
- बंपर आणि बॉडी यांमधली फट एका बाजूला एक बोट, दुसऱ्या बाजूला दोन बोटं. बसवला तेव्हा सारखी होती.
- नट आवळून आणले की दोन-तीन फेऱ्यांत पुन्हा ढिले.
- बोल्टच्या डोक्याभोवती किंवा ब्रॅकेटच्या (बंपर चासीला जोडणाऱ्या प्लेटच्या) कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी.
- स्टेपनीचा आर्म (स्टेपनी टांगायचा, बंपरवर बिजागरीने फिरणारा दांडा) उघडला की टोक खाली बसतं आणि बंद करताना गुडघा लावून उचलावं लागतं.
- रंग शाबूत असूनही वेल्डच्या कडेने गंजाची बारीक रेघ.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट तड्याच्या भागाकडे जा. तोवर स्टेपनी उतरवून गाडीच्या आत टाका.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या गाळ्यात आम्ही जिप्सी, जुनी थार, बोलेरो यांचे मागचे बंपर बनवतो. पण नवा बंपर बनवून घ्यायला येणाऱ्यांपेक्षा ‘वाजतोय हो’ म्हणत येणारेच जास्त. आणि हा दोष मी शिकलो तो स्वतःच्याच कामावर. एक जिप्सी होती. बंपर आम्हीच बनवलेला, त्याच्यावर स्टेपनीचा आर्म. पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन आली आणि वाजायला लागली. मी नट आवळून दिले. पंधरा दिवसांत परत. या वेळी स्प्रिंग वॉशर घालून आवळले. महिन्याने तिसऱ्यांदा आली तेव्हा मालक काही बोलला नाही, नुसती किल्ली टेबलावर ठेवली. मग बंपर पूर्ण उतरवला आणि नट बिचारे निर्दोष असल्याचं कळलं. त्याची गोष्ट पुढे येईलच. तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी खालच्या क्रमाने जातो. पहिल्या तीन गोष्टींना एक रुपया लागत नाही.

वाजतंय ते बंपरच आहे का?

हसू नका. माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच सुटल्यात. मागचं सगळं सामान बाहेर काढा: जॅक, हँडल, पान्यांची पिशवी, टो रोप, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी). रिकाम्या गाडीने त्याच गतिरोधकावरून जा. आवाज गेला असेल तर गुन्हेगार जॅक.

नसेल गेला तर नंबर प्लेट हाताने दाबून बघा. नवी हाय सिक्युरिटी प्लेट पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते. लोखंडी बंपरवर मागे रबर न घालता लावली की डबा वाजावा तशी वाजते. मग सायलेन्सर. गाडी थंड असताना टेलपाइप हाताने चारी बाजूंना हलवा. बंपरच्या आतल्या कडेला कुठे काळा घासलेला डाग दिसला तर पाइप तिथे आपटतोय. मूळ बंपर आतून मोकळा असतो, आपण बनवलेल्याला आतून पट्ट्या आणि गसेट (कोपऱ्याला जोर देणारे त्रिकोणी तुकडे) असतात. इंजिन सुरू होताना सायलेन्सर किती हलतो हे बंपर बनवणारा विसरतो. चारी बाजूंनी इंचभर जागा हवी. सायलेन्सर टांगणारे रबर हँगर फाटलेले असतील तर आधी ते बदला. बंपरला हात लावायची गरजच पडणार नाही.

हे आधी का करायचं? तर बंपर उतरवणं हे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि हँगर बदलणं पंधरा मिनिटांचं.

फट मोजा, नटावर रेघ मारा

बंपर आणि बॉडीमधली फट डावीकडे, मध्ये, उजवीकडे मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मग प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या प्लेटवर मिळून एक सरळ रेघ मारा. घरात कुणाची नेलपेंट असेल तर उत्तम, परवानगी काढून. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, एखादी कच्च्या रस्त्याची फेरी मारा.

आता बघा. रेघ तुटली असेल, म्हणजे नटावरचा भाग फिरून पुढे गेला असेल, तर नट खरोखर सुटतोय. रेघ जागच्या जागी आहे, तरी पाना लावला की नट अर्धा फेरा सहज फिरतो आणि फट बदललेली आहे, तर नट सुटलेलाच नाही. त्याच्याखालचं काहीतरी दबलंय किंवा सरकलंय. या दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे. निम्मे लोक दुसऱ्या प्रकारावर पहिल्याचा उपाय करत राहतात. मीही तेच केलं होतं.

स्टेपनीचा आर्म

स्टेपनी मागच्या दारावरच ठेवली असेल तर हा भाग सोडून द्या.

आर्म अर्धा उघडा आणि टोकाला धरून वर-खाली हलवा. लोखंडी रिमवरची १६ इंची स्टेपनी तीस किलोच्या आसपास जाते, त्यामुळे थोडी लवचीकता जाणवणारच. पण बिजागरीपाशी बोट ठेवलं आणि तिथे ‘टक् टक्’ जाणवलं तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) किंवा बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. टेपर रोलर बेअरिंगवरचा आर्म असेल तर वरची टोपी काढून नट थोडा आवळून, ग्रीस भरून काम भागतं. गनमेटलचा बुश असेल तर नवा खरादून घ्या. आणि बुश नाहीच, नुसता पाइपात पाइप घातलाय, असंही मी पुष्कळ बघितलंय. त्याला इलाज नाही, बिजागरी नवीन करा.

बिजागरी ठीक असेल तर दुसरं टोक बघा. आर्म बंद झाल्यावर त्याचं वजन कशावर बसतं? बंद होताना आर्मने एका छोट्या उतारावर चढून रबरी बैठकीवर टेकायला हवं. ही बैठक नसेल तर सगळं वजन बिजागरीवर आणि टॉगल क्लॅम्पवर लटकतं. टॉगल क्लॅम्पचं काम आर्म ओढून धरणं आहे, वजन पेलणं त्याच्या कुवतीतलं नाही. बैठकीचं रबर झिजलं असेल तर ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचा तुकडा कापून लावा. आम्ही अजूनही तेच वापरतो, विकतच्या रबरापेक्षा जास्त टिकतं.

नट, बोल्ट, वॉशर

आता पाना. बोल्टच्या डोक्यावर ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, कोरलेला असतो: ८.८ किंवा १०.९. काहीच कोरलेलं नसेल किंवा ४.६ असेल तर तो बोल्ट शेडच्या पत्र्यासाठी ठेवा. बंपरला ८.८ च्या खाली काही लावायचं नाही.

नायलॉक नट एकदा उघडला की बदलायचा. त्याच्यातली नायलॉनची कडी पहिल्यांदा आटे कापून घेते, पुढच्या वेळी तेवढी पकड राहत नाही. नट दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला तर तो संपलाय. आणि बोल्टचे दोन-तीन आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर नायलॉनपर्यंत बोल्ट पोचलेलाच नसतो.

स्प्रिंग वॉशरवर माझा विश्वास उरलेला नाही. पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. त्यापेक्षा भोकाच्या मानाने मोठा, जाड, कडक वॉशर घाला.

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळता येणारा पाना) असेल तर ८.८ ग्रेडच्या एम१० ला, म्हणजे १० मिमीच्या बोल्टला, साधारण ४५ न्यूटन-मीटर आणि एम१२ ला ८० च्या आसपास. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या जागेसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. आट्यांना तेल-ग्रीस लागलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुसून घ्या. पान्यावर पाइप घालून उड्या मारणं हा टॉर्क नव्हे.

नवे नट-बोल्ट, बरोबर टॉर्क, पुन्हा रेघ, पुन्हा आठवडा. आवाज गेला तर काम झालं, खर्च दोन-चारशे रुपये. रेघ शाबूत राहून नट पुन्हा ढिले वाटले तर बंपर उतरवायची वेळ आली.

बंपर उतरवल्यावर

एकट्याने उतरवू नका. ३ मिमी पत्र्याचा एक चौरस मीटर साडेतेवीस किलो भरतो, ५ मिमीचा एकोणचाळीसच्या वर. त्यात पाइप, ब्रॅकेट, आर्म धरलं तर बंपर चाळीस-पन्नास किलोंचा सहज होतो. खाली जॅक आणि लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना एकेक माणूस. सेन्सर किंवा नंबर प्लेटच्या दिव्याची वायर आधी सोडवा. ती शेवटी आठवते, तुटल्यावर.

आता त्या जिप्सीची गोष्ट. बंपर उतरवला आणि ब्रॅकेटची जी बाजू चासीला टेकते ती उजेडात धरली. बंपर आम्ही पावडर कोटिंगला दिला होता आणि कोटिंगवाल्याने ब्रॅकेटसकट सगळा छान काळा करून दिला होता. बोल्टच्या भोवती त्या काळ्या थराला बांगडीच्या आकाराचा खड्डा पडला होता. कडेला रंग चुरगळून बाहेर आलेला, आणि खड्ड्याच्या आत चकचकीत घासलेलं लोखंड. भोवती तीच विटकरी भुकटी. बोटावर घेतली तर मेंदीच्या पुडीसारखी मऊ.

यामागचा हिशोब असा. नीट आवळलेला एम१२ चा ८.८ बोल्ट दोन प्लेटांना तीन-साडेतीन टनांनी एकमेकींवर दाबून धरतो. बंपर जागेवर राहतो तो या दाबातून येणाऱ्या घर्षणाने. बोल्ट भोकात आडवा अडकलाय म्हणून नव्हे. हा दाब येतो बोल्ट ताणला जाण्यातून, जसा रबरबँड. पण वीसेक मिमी जाडीच्या जोडात तो ताण किती, तर जेमतेम ०.०३ ते ०.०४ मिमी. पावडर कोटिंगचा एकेक थर ०.०६ ते ०.०८ मिमी. डोक्याखाली एक, दोन प्लेटांच्या मध्ये एक, नटाखाली एक. हे थर दाबाखाली हळूहळू बसतात. थोडेसे बसले तरी बोल्टचा सगळा ताण गेला. नट एक अंशही फिरलेला नाही, रेघ जागेवर, आणि जोड मोकळा. मग प्लेटा घासतात, भुकटी पडते, भोक लांबतं, ‘ठक्’ येतो.

उपाय कंटाळवाणा आहे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावून टेकणाऱ्या सगळ्या बाजू, म्हणजे ब्रॅकेटच्या दोन्ही, उघड्या लोखंडापर्यंत स्वच्छ करा. वर झिंक स्प्रेचा अगदी पातळ हात. चासीच्या बाजूला आधीच्या मालकाने अंडरकोटिंग फासलं असेल तर ते ब्रॅकेटच्या मापापुरतं खरवडून काढा. डांबरासारखं मऊ अंडरकोटिंग पावडर कोटिंगपेक्षा वाईट. जोड आवळून झाल्यावर कडेने सीलंट फिरवा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. आता आम्ही कोटिंगला देतानाच ब्रॅकेटवर उष्णता सहन करणारी टेप चिकटवून देतो. तरी कोटिंगवाला कधीकधी ‘राहिलं होतं, मारून टाकलं’ म्हणून सांगतोच.

भोकं बघा. एम१२ ला १३, फार तर १३.५ मिमीचं गोल भोक हवं. गॅस कटरने पाडलेलं वाकडंतिकडं भोक किंवा ‘नीट जुळावं म्हणून’ ओढून लांब केलेलं भोक असेल तर वॉशरखाली टेकायला लोखंडच राहत नाही. मूळ भोक बिघडलं असेल तर त्यावर ६ मिमीची प्लेट बसवून नवं भोक ड्रिलने पाडा. वेल्ड भरून त्यातच पुन्हा ड्रिल करू नका, तिथे लोखंड कडक होतं आणि ड्रिल भरकटतं.

बोल्ट चासीच्या डब्यातून आरपार जात असेल तर आणखी एक गोष्ट बघा. दोन भिंतींमध्ये पोकळी आहे आणि आत बुश नाही, तर आवळताना भिंती आत चेपतात. बाहेरून पट्टी धरून बघा, बोल्टभोवती उथळ वाटी दिसेल. कितीही आवळा, चासीच स्प्रिंगसारखी दबत राहणार. आतल्या मापाला बरोबर कापलेला जाड पाइपचा बुश घालावा लागतो. चासीला मूळचं भोक किंवा उघडं टोक असेल तर बुश तिथून आत सरकवता येतो. नसेल तर चासीला नवं भोक पाडावं लागेल. ते घरी करू नका, चासीच्या कारागिराला विचारा.

उतरवलेलाच आहे तर बंपरच्या पोकळ भागावर पान्याने टकटक करा. ठिकठिकाणी आवाज बद्द आला तर आत चिखल भरलाय. घाटाखालचा तांबडा चिखल एकदा बंद डब्यात वाळला की विटेसारखा बसतो, बंपर जड करतो आणि आतून कुजवतो. सर्वांत खालच्या बाजूला १० मिमीची तीन-चार भोकं पाडा.

तडा

वेल्डच्या कडेची गंजरेघ म्हणजे बहुतेक वेळा तडा. तिथून पाणी आत जातं आणि गंज बाहेर झिरपतो. खात्रीसाठी तडा रंगाने दाखवणारं, तीन डब्यांचं डाय पेनिट्रंट किट मिळतं, पण आमच्याकडचे जुने मिस्त्री मामा रॉकेल आणि खडू वापरतात आणि त्यांचं क्वचित चुकतं. रंग काढा, लोखंड स्वच्छ करा, कापडाने रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा. मग त्यावर पांढरा खडू घासा. तडा असेल तर त्याच्यात शिरलेलं रॉकेल खडूत झिरपतं आणि केसाएवढी ओली काळी रेघ हळूहळू उमटते. मामा तोवर तंबाखू मळतात. ‘दिसली काय रेघ?’ एवढंच विचारतात.

तडा बंपरच्या स्वतःच्या वेल्डमध्ये असेल, म्हणजे पत्रा आणि ब्रॅकेटच्या सांध्यात, तर चांगला वेल्डर तो खोलवर घासून, वेल्ड पूर्ण जाडीत उतरवून, गसेट लावून दुरुस्त करतो. नुसता वरून थर चढवलेला तडा काही महिन्यांत शेजारून पुन्हा फुटतो. वेल्डिंग बंपर गाडीवरून उतरवूनच करा. नाहीच जमलं तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, आणि इंधनाची टाकी, ब्रेक पाइप, वायरिंग कुठे आहे ते वेल्डरला नुसतं सांगू नका, खाली झोपून दाखवा.

इथे थांबा

खालचं काहीही असेल तर पाना खाली ठेवा.

तडा चासीत असेल. ‘टोकाला भोक मारा आणि भरून टाका’ असं सांगणारे भेटतील. टोकाला भोक मारणं ही योग्य दुरुस्तीची फक्त पहिली पायरी आहे. पुढचं काम चासी सरळ आहे का ते मोजता येणाऱ्या जागीच होतं, आणि तोवर गाडी चालवायची नाही.

कुणीतरी बंपर चासीलाच वेल्ड केला असेल. तो कापताना चासीचं लोखंड किती खाल्लं गेलंय हे अनुभवी माणसानेच बघायला हवं.

बिजागरीचा उभा दांडा जिथे बंपरला वेल्ड आहे तिथे तडा असेल. हायवेवर ती तीस किलोंची स्टेपनी मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाईल.

आणि गाडी ओढण्याचं शॅकल या बंपरला असेल, तर बंपर वाजतोय तोवर त्याला दोर लावायचा नाही. किनेटिक रोपने (रबरासारख्या ताणणाऱ्या दोराने) ताणलेलं शॅकल सुटलं तर ते गोळीसारखं येतं. गाडीचा मूळ टो हुक वापरा. ओढण्याच्या प्लेटची जाडी, वेल्ड आणि ती चासीपर्यंत कशी पोचते हे जाणकार फॅब्रिकेटरने बघितल्याशिवाय माझ्या गाळ्यातूनही मी ती गाडी चिखलात सोडत नाही.

आणखी एक, कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाजोगते बदल करता येत नाहीत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. त्यामुळे मूळ बंपर भंगारात देऊ नका. माळ्यावर ठेवा. नंबर प्लेट आणि तिचा दिवा स्टेपनीमागे झाकला जाणार नाही हेही बघा.

परत बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, बंपरची फट सगळीकडे सारखी करा, मग मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने दोन टप्प्यांत टॉर्क द्या. पुन्हा रेघा. ५० किलोमीटरवर एकदा टॉर्क तपासा, ५०० वर दुसऱ्यांदा. ५०० ला एकही नट हलला नाही तर पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी रेघांकडे नजर टाकली तरी पुरे. ती जिप्सी पाचशेच्या तपासणीला आली तेव्हा मालक राधानगरीहून थेट गाळ्यात आला होता. रेघा दिसत नव्हत्या, म्हणून आधी चिखल धुवायला लागला.